चारशे सतराची तळटीप

१

पाणी खोटं बोलत नाही. नागपूरच्या सदर भागातल्या ‘शुद्धोदक जलपरीक्षण प्रयोगशाळे’च्या दारावर हे वाक्य पितळी अक्षरांत लावलेलं आहे, आणि आत शिरणारा प्रत्येक जण ते वाचून क्षणभर गंभीर होतो. आतली माणसं विकतच्या जारचं पाणी पितात. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या नळाचं पाणी तपासावं असं आजवर कुणाला सुचलेलं नाही.

शुद्धोदक म्हणजे शुद्ध पाणी. निम्म्या नागपूरला ते शुद्धोदन वाटतं, म्हणजे बुद्धांच्या वडिलांचं नाव, आणि मालक भैय्याजी धोटे कुणालाही दुरुस्त करत नाहीत. दीक्षा गजभियेच्या आईनं तर पाटी पाहूनच मुलीला इथे नोकरी करू दिली. त्याला सहा वर्षं झाली. दीक्षा आता मुख्य विश्लेषक आहे. रिपोर्टवर सही तिचीच चालते.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास खापा गावातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमिलाताई जिना चढून आल्या आणि त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर नमुना क्रमांक ४१७. दोन्हींवर शाळेचं बोअर, गुरुवारची तारीख आणि दीक्षाची सही. एकात नायट्रेट ९२, पिण्यास अयोग्य. दुसऱ्यात नायट्रेट १२, पिण्यास योग्य. मर्यादा ४५ची.

“हा शुक्रवारी हातात भेटला,” प्रेमिलाताईंनी पहिल्यावर बोट ठेवलं. “आम्ही बोअरच्या खोलीला कुलूप लावलं, टँकर बोलावला. आज सकाळी शाळेचं ईमेल उघडलं तं हा निघाला. माझ्याकडे एकशे चाळीस लेकरं आहेत. यातला कोणता वाचून दाखवू त्यायले?”

भैय्याजी केबिनमधून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून ऑडिटर यायचा होता. प्रयोगशाळेची मान्यता त्याच्या हातात. भैय्याजींनी दोन्ही कागद पाहिले, घाम पुसला आणि निकाल देऊन टाकला.

“सही तुही आहे, दीक्षा. उद्या ऑडिटर विचारन, जिम्मेदार कोण? मले एक नाव सांगा लागते. तुह्यं सांगीन.”

याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. ऑडिटरच्या वहीत नाव गेलं की सहीचा अधिकार जातो, आणि तो एकदा गेला की कुठलीच प्रयोगशाळा तिला परीक्षानळी धुण्यापलीकडचं काम देणार नव्हती.

“यातला एकही कागद मी छापला नाही,” दीक्षा म्हणाली.

२

महादेवराव कडू हे कागदोपत्री इथले गुणवत्ता व्यवस्थापक. असा एक माणूस असावा, असा नियमच आहे. वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर ते सोमवारी आणि शुक्रवारी इथे येतात, पेपर वाचतात, चहा घेतात आणि गुणवत्ता जशी असेल तशी राहू देतात.

दीक्षा त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. “काकाजी, तुम्ही आजवर इथं काहीच केलं नाही. आज करा.”

महादेवरावांना हे वर्णन अचूक वाटलं. त्यांनी पेपरची घडी केली. मग सवयीप्रमाणे चिठ्ठीवर ‘चहा १, बिनसाखर’ असं लिहून ती आज दीक्षाऐवजी ऋषिकेशकडे सरकवली. ऋषिकेश कॉम्प्युटरवर नोंदी करायला गेल्याच महिन्यात लागला होता. तो कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, आणि खालच्या टपरीचा फोन नंबर त्याच्याही मोबाइलमध्ये होता.

“गुरुवारी तू कुठं होती?” महादेवरावांनी विचारलं.

“रामदासपेठेत, दातवाल्याकडे. अडीचला इथून निघाली. चारशे सतराचं बाकी सगळं मीच कॉम्प्युटरात टाकलं होतं. नायट्रेट तेवढं शेवटी आलं, थे घाईत रजिस्टरमध्ये लिहिलं अन् गेली.”

“किती आलं होतं?”

“दिवसाले चाळीस बाटल्या करतो, काकाजी. आकडा कसा ध्यानात राहीन? रजिस्टर पाहा.”

रजिस्टर जागेवर नव्हतं. ऑडिटच्या आधी शिवून घ्यायला बाइंडरकडे दिलंय, असं केबिनमधून उत्तर आलं.

महादेवराव ऋषिकेशकडे वळले. तो अजिबात लपवत नव्हता. “मी टाइप केलं ना, अंकल. दीक्षामॅम नव्हत्या. भैय्याजींचा कॉल आला का खाप्याचा रिपोर्ट आजच पाहिजे. मी रजिस्टर पाहून नायट्रेट टाकलं, चार वीसला प्रिंट मारली. नाइन्टी टू होतं. मी दोनदा पाहिलं.”

“दीक्षाच्या नावानं कशी काय?”

“तिच्याच लॉगिनवर सही येते. पासवर्ड तं मॉनिटरवरच आहे.”

मॉनिटरवर खरोखरच गुलाबी चिठ्ठी चिकटवलेली होती. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा असा ऑडिटरचा आग्रह असल्यामुळे तो तिथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा लागे.

“अन् दुसरा कागद? बारावाला?”

“तो मी नाही केला. त्याच्यावर वेळ पाहा, सात दहा. सहाले मी स्वतः शटर पाडलं.”

म्हणजे बंद प्रयोगशाळेत, कुणीही नसताना, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ब्याण्णवाचे बारा झाले होते.

एवढ्यात टपरीवरून नऊ चहा आले, सगळे बिनसाखर. महादेवरावांनी ऋषिकेशकडे पाहिलं. “अंकल, तुम्हीच लिहिलं,” तो म्हणाला. प्रेमिलाताईंनी काही न विचारता दोन घेतले.

३

वजनमाप खात्यात एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला एक खोड लागते. दुकानदार वरून तराजू दाखवतो. निरीक्षक पारडं उलटं करतो, कारण चिंच, मेण, लोहचुंबक जे काही चिकटवायचं ते खालीच चिकटवलेलं असतं. महादेवरावांनी दोन्ही रिपोर्टमधला नायट्रेटचा आकडा पाहिलाच नाही. त्यांनी कागदाचा तळ पाहिला.

तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत पस्तीसेक ओळी होत्या.

“हे काय?”

“थे वातावरण आहे,” दीक्षा म्हणाली.

त्याचा इतिहास असा. मागच्या खेपेला ऑडिटरनं शेरा मारला होता की चाचणीच्या वेळचं वातावरण, म्हणजे खोलीचं तापमान, आर्द्रता वगैरे, प्रत्येक रिपोर्टवर यायला हवं. भैय्याजींनी रिपोर्टचा प्रोग्राम लिहिणाऱ्या सुशीलला फोन लावला आणि इंग्रजीचं वजन पडावं म्हणून सांगितलं, “एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल छापून आले पाहिजे.” दुसऱ्या दिवसापासून ते छापून यायला लागले.

पस्तीस ओळींतलं फारसं काही कुणाला समजलं नाही, पण ऑडिटरला पाहिजे ते असंच असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. एका ओळीत तर ‘टेम्प’ असं स्पष्ट होतं आणि त्यापुढे ‘सी’. टेम्प म्हणजे टेम्परेचर, सी म्हणजे सेल्सियस. मधला आकडा मशीनला येत नसावा म्हणून ऋषिकेश तिथे रोज भिंतीवरचा थर्मामीटर पाहून पेननं लिहायचा. गिऱ्हाइकांवर छाप चांगली पडत होती. एका बाटलीबंद पाणीवाल्यानं तर तळटीप फ्रेम करून लावली होती.

महादेवरावांनी भिंग मागवलं. जीवाणू मोजायचं भिंग आलं. ते एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागले. बहुतेक ओळी दोन्ही कागदांवर सारख्या होत्या. मशीनचं नाव दोन्हीकडे लॅब-२. मग एक ओळ आली आणि ते थांबले.

“यूजरनेम,” त्यांनी वाचलं. “पहिल्यावर दीक्षा. दुसऱ्यावरही दीक्षाच.”

केबिनच्या दारातून भैय्याजी म्हणाले, “पाहा. आता वातावरणही तेच सांगून राहिलं.”

४

सुशीलला फोन लागला तेव्हा तो जेवत होता. महादेवरावांनी फोन स्पीकरवर ठेवला.

“तापमान?” सुशील म्हणाला. “कोणतं तापमान, काकाजी? थे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत. प्रोग्रामच्या भोवताल जे असते ना, कोणतं मशीन, कोणाचं नाव, कोणतं फोल्डर, थे. सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, ‘आउटपुटमध्ये नोंदवा’. भैय्याजी म्हणे छापा, म्या टिक मारली.”

“मग टेम्पपुढचा सी?”

“सी ड्राइव्ह. टेम्परवारी फायली तिथं पडतात.”

ऋषिकेशनं गेल्या महिन्याभरात टेम्परवारी फायलींचं तापमान लिहिलं होतं. तो भिंतीकडे पाहू लागला.

“तुले हे विचित्र नाही वाटलं?” महादेवरावांनी विचारलं. “पाण्याच्या रिपोर्टवर फोल्डर काहून पाहिजे?”

“वाटलं ना. पण गिऱ्हाईक मागते थे देतो. अन् एका अर्थी चांगलं असते. उद्या कोणी म्हटलं का हा कागद माह्या मशीनचा नाही, तं कागदच सांगते.”

“आमचा कागद म्हणते, दोन्ही दीक्षाचे.”

“फक्त यूजरनेम नका पाहू, काकाजी. सेशननेम पाहा.”

भिंग खाली गेलं. पहिल्या कागदावर सेशननेमपुढे ‘कन्सोल’ होतं. दुसऱ्यावर ‘आरडीपी’ आणि पुढे काहीतरी आकडा.

“कन्सोल म्हणजे माणूस मशीनसमोर बसून होता,” सुशील म्हणाला. “आरडीपी म्हणजे दुरून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्यात शिरला. लॉकडाऊनमध्ये तुमाले सगळ्यायले घरून शिरायची सोय करून दिली होती ना, थे कोणी बंद करा म्हटलंच नाही. आता क्लायंटनेम पाहा. दुरून आलेल्या मशीनचं नाव तिथं असते. पहिल्या कागदावर थे ओळच नसन.”

नव्हतीच. दुसऱ्यावर होती. महादेवरावांनी ती दोनदा वाचली, मग भिंग दीक्षाकडे दिलं. दीक्षानं वाचलं.

“गार्गी सेव्हन बी.”

“कोण गार्गी?” प्रेमिलाताईंनी विचारलं.

केबिनचं दार एव्हाना बंद झालं होतं, आणि बाहेर ते कुणालाच माहीत नव्हतं.

५

सेव्हन बी म्हणजे सातवी ब, हे ऋषिकेशनं लगेच सांगितलं. आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू खोलीतल्या एकुलत्या एक मुख्याध्यापिकेवर जाऊन थांबल्या. योग्य असा रिपोर्ट निघाला तर टँकर मागवावाच लागत नाही. हेतू तर होता.

प्रेमिलाताईंनी तिसरा चहा खाली ठेवला. “माझ्या शाळेत सातवीची एकच तुकडी आहे. अ नाही तं ब कुठून येईन? अन् मले शिरता आलं असतं कॉम्प्युटरात, तं खाप्याहून बसनं धक्के खात इथं काहून आली असती? घरूनच पाहून घेतलं असतं.”

महादेवरावांनी माफी मागितली आणि चौथा चहा त्यांच्याकडे सरकवला.

“इथं कोणाकोणाच्या घरी पोरं सातवीत आहेत?” त्यांनी विचारलं.

“कोणाच्याच नाही,” दीक्षा म्हणाली. “ऋषिकेशचं लग्न नाही, माह्यं नाही. सुशीलदादाचा पोरगा बालवाडीत. भैय्याजीची चिकू आहे, पण थे तं यंदा बारावीत.”

महादेवराव उठले. ते रिसेप्शनच्या काचेच्या पेटीपाशी गेले, जिथे मान्यतेचं प्रमाणपत्र, गणपतीच्या वर्गणीची पावती आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण लावलेलं असतं. कात्रण दोन वर्षांपूर्वीचं, मालकांच्या मुलीच्या दहावीच्या निकालाचं. त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाचायची गरज कुणाला पडली नव्हती, कारण चिकूला सगळे चिकूच म्हणत.

कात्रणात लिहिलं होतं, ‘कु. गार्गी भैय्याजी धोटे.’

महादेवरावांनी बोटांवर हिशेब केला. यंदा बारावी, तर लॉकडाऊनच्या वर्षी सातवी. त्या वर्षी ज्या घरात लॅपटॉप आला तो मुलांच्या शाळेसाठी आला, आणि शिक्षकांना पडद्यावर चेहरे ओळखू येईनात म्हणून पोरांनी मशीनलाच आपलं नाव आणि तुकडी दिली. पोरं पुढच्या वर्गात गेली. मशीन तिथेच राहिलं.

“म्हणजे ब्याण्णवाचे बारा भैय्याजींनी केले,” दीक्षा हळू आवाजात म्हणाली. “अन् सकाळपासून मले सांगून राहिले का सही तुही आहे.”

“केले त्यानंच,” महादेवराव म्हणाले. “पण काहून केले? खाप्याची शाळा त्याची कोणी नाही. मले थे नऊ चहा पचून नाही राहिले.”

६

केबिनमध्ये सगळे मावत नव्हते, तरी शिरले. महादेवरावांनी दोन्ही कागद टेबलाच्या काचेवर ठेवले.

“भैय्याजी, रजिस्टर कोणत्या बाइंडरकडे दिलं?”

“आहे एक, महाल भागातला.”

“त्याचा नंबर द्या. म्या फोन करतो.”

भैय्याजींनी मोबाइल उघडला, थोडा वेळ बोट फिरवलं, आणि मग खुर्चीशेजारच्या बॅगेतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. ते शिवलेलं नव्हतं.

महादेवरावांनी गुरुवारचं पान काढलं. ४१७ची छापील चिठ्ठी, पुढे दीक्षाच्या हातचा आकडा. त्यांनी पान ऋषिकेशसमोर धरलं.

“वाच, बाबू.”

“नाइन्टी टू,” ऋषिकेश म्हणाला. “सांगितलं ना, अंकल.”

“आता तू वाच वं, दीक्षा.”

दीक्षानं पान स्वतःकडे फिरवलं. “बारा,” ती म्हणाली. “मी मराठी शाळेतली आहे, काकाजी. घाईत अंक मराठीच निघतात.”

पानावर १२ होतं. मराठी एक, त्यापुढे मराठी दोन. ज्याला मराठी अंक येतात त्याला ते बारा दिसत होते. ज्यानं आयुष्यात फक्त इंग्रजी अंक लिहिले त्याला नऊ आणि दोन. एका चहाचे नऊ चहा करणाऱ्या माणसाला ब्याण्णव दिसले, यात त्याचा दोष एवढाच की त्यानं दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा नीट पाहिलं.

“म्हणजे बाराच खरे,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “पाणी चांगलं आहे.”

“तेच तं सांगून राहिलो,” भैय्याजी म्हणाले, जरी ते अजून काहीच सांगत नव्हते. “गुरुवारी रजिस्टर घरी नेलं, ऑडिटसाठी चाळून राहिलो होतो. पाहतो तं रजिस्टरात बारा अन् रिपोर्टात ब्याण्णव. चिकूच्या लॅपटॉपवरून शिरलो, दुरुस्त केलं, शाळेले पाठवून देलं. म्या काही खोटं नाही केलं, महादेवराव. खोट्याचं खरं केलं.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“रिपोर्ट बदलला का नवा नंबर, दुरुस्तीचा फॉर्म, पाच सह्या, कारणाचा रकाना. ऑडिटर विचारन, विश्लेषकाचं लॉगिन दुसऱ्यानं कसं वापरलं? अन् एकदा नाही, एका दिवसात दोनदा. मान्यता जाते. मले वाटलं, पयला कागद फेकून देतीन ते लोक.”

“आम्ही शासकीय शाळा आहोत,” प्रेमिलाताई म्हणाल्या. “आम्ही काहीच फेकत नाही.”

दीक्षा अजून रजिस्टरकडेच पाहत होती. “आकडा दुरुस्त केला तुम्ही, भैय्याजी,” ती म्हणाली. “अन् आज सकाळी मी जे खोटी झाली, थे कोण दुरुस्त करन? तुमाले तं माहीत होतं.”

भैय्याजींनी पंख्याचा वेग वाढवला. पंखा आधीच पाचवर होता.

“उद्या तुह्यं नाव नाही सांगत,” ते म्हणाले.

“नाव सांगा लागते ना एक. सकाळी तुम्हीच म्हटलं.” तिनं कपाटातून दुरुस्तीचा फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. “कारणाचा रकाना मोठा आहे. मी सांगते, तुम्ही लिहा. पयली ओळ, विश्लेषक अनुपस्थित असताना मालकाच्या सांगण्यावरून तिच्या लॉगिननं नोंद केली. दुसरी ओळ, मालकानं घरून तिच्याच लॉगिननं बदल केला. तिसरी, विश्लेषकाला यातलं काही माहीत नव्हतं.”

“मान्यता गेली तं तुही नोकरीही जाईन, पोरी.”

“जाऊ द्या. सही तं राहीन.”

भैय्याजींनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. मग भैय्याजींनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात केली. त्यांनी तारखेतले आकडे इंग्रजीत लिहिले.

७

मंगळवारी ऑडिटर आला. त्यानं फॉर्म वाचला, सहा वर्षांत या प्रयोगशाळेत एकही रिपोर्ट कसा चुकला नव्हता याचं आपल्याला कोडं होतं असं म्हणाला, दोन महिन्यांची मुदत दिली, घरून शिरायची सोय बंद करायला लावली आणि दीक्षाच्या नावापुढे ‘अधिकार कायम’ असं लिहून गेला. गुलाबी चिठ्ठी त्याच्यासमोरच काढण्यात आली. ऋषिकेशनं बाराखडीच्या पुस्तकातलं अंकांचं पान फाडून मॉनिटरवर त्याच जागी लावलं.

पण दीक्षाचं समाधान झालं नव्हतं. एका नमुन्यावर दोन आकडे फिरले होते, आणि दोन्हींखाली तिची सही होती. शाळेला आपल्या सहीनं जायचा तो पक्का कागद आपल्याच हातच्या बाटलीवरून निघावा, असं तिनं ठरवलं. बुधवारी ती रिकाम्या बाटल्यांची पेटी घेऊन खाप्याच्या बसमध्ये बसली.

प्रेमिलाताईंनी बोअरच्या खोलीचं कुलूप काढलं. स्वयंपाकाच्या बाई, कौसल्याबाई, किल्लीबरोबर आल्या. दीक्षानं बटण दाबलं. मोटर लागली नाही. तिनं पुन्हा दाबलं.

“थे नाही लागत, ताई,” कौसल्याबाई म्हणाल्या. “दिवाळीपासून जळलेली आहे.”

“मग तपासायला आलेली बाटली कुठं भरली होती?”

“गावच्या नळावर. दिवाळीपासून पोरं तेच पितात, म्या कोणाले सांगितलं नाही.”